रेघेमागची टाळी

त्या वर्षी एका गाण्याने सगळ्यांचे खांदे हलवले. "हो म्हण, हो म्हण" असं ते गाणं. शब्द म्हणाल तर जवळजवळ एवढेच, बाकी तीन मिनिटं नुसती धडधड. पण त्या धडधडीत एक टाळी होती आणि ती जरा उशिरा पडायची. किती उशिरा? शिंक येताना माणूस तोंड उघडून क्षणभर थांबतो ना, त्याच्याही निम्मं. नाचणाऱ्याचा खांदा आधी वर जायचा, टाळी मागून यायची, आणि मधल्या फटीत माणूस उगाचच खूश व्हायचा. पोरं नाचली, पोरांच्या आया नाचल्या, बँकेतल्या कॅशियरने काउंटरच्या आड उभ्याउभ्या नाचून घेतलं. ही टाळी वाजवली होती तिसऱ्या मजल्यावरच्या थोरलीने. आणि ती उशिरा का पडली, हे जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

थोरली म्हणजे दोन जावांमधली मोठी. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. डावीकडे थोरला भाऊ आणि ती, उजवीकडे धाकटा भाऊ आणि धाकटी. दोघी जावा बावीस वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओत कोरस गायच्या. गाण्यात मुख्य गायिका दमली की मागून "आ आ आ" करणाऱ्या ज्या बायका असतात, त्यांतल्या या दोघी. त्यांचे फोटो कधी कुठे छापून आले नाहीत, पण ऐकलेलं मात्र सगळ्यांनी आहे. पुढे कॉम्प्युटर आला आणि एकाच बाईचा आवाज चाळीस बायकांसारखा करून द्यायला लागला. कोरसवाल्या एकेक करत घरी बसल्या. या दोघी राहिल्या त्या टाळ्यांमुळे. टाळ्या कॉम्प्युटरमध्येही मिळतात, पण त्या पत्र्यावर खडे पडल्यासारख्या वाजतात. या दोघींची टाळी कशी भरीव, गादीवर कुणी बसल्यासारखी. आपापल्या माइकसमोर दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहायच्या, अंगठ्या आणि घड्याळं काढून टेबलावर ठेवायच्या, आणि दोन बायकांची मिळून एक टाळी वाजायची.

आता गंमत अशी की या खांद्याला खांदा लावणाऱ्या बायका तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

अबोला म्हणजे कसा, तर अगदी कडकडीत. मीठ संपलं तरी धाकटी नवऱ्याला म्हणायची, "समोर विचारा." तो बिचारा चार पावलं टाकून समोर यायचा आणि थोरल्या भावाला म्हणायचा, "वहिनींना विचार, मीठ आहे का." थोरली शेजारीच उभी असायची. थोरला भाऊ मान वळवून तिला म्हणायचा, "मीठ आहे का?" ती म्हणायची, "आहे म्हणावं." एवढ्या प्रवासात मिठाची वाटी हातोहात तीनदा मालक बदलायची. पण स्टुडिओतून फोन आला की दोघी न बोलता तयार व्हायच्या, एकाच टॅक्सीत बसायच्या, न बोलता टाळ्या वाजवायच्या आणि न बोलता परत यायच्या. इमारतीतल्या बायका म्हणायच्या की असा अबोला पाळायचा म्हणजे त्यालाही रियाज लागत असेल.

अबोल्याचं कारण थोरलीच्या मते शिवणाचं मशीन. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचं मशीन थोरलीकडे आलं. त्यानंतर महिनाभरात धाकटीने एकदम तोंड फिरवलं. थोरलीने खूप डोकं खाजवलं आणि शेवटी ठरवलं, मशीनच असणार. मग तिने मशीन धाकटीकडे पाठवलं. धाकटीने ते परत पाठवलं. थोरलीने पुन्हा पाठवलं, तेही परत आलं. ओतीव लोखंडाचं मशीन आणि दोघे भाऊ ते धरून लँडिंगवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे. चौथ्या फेरीला थोरला भाऊ म्हणाला, "आता हे इथे मधेच राहू दे. ज्याला शिवायचंय त्याने जिन्यात शिवावं." ते मशीन तिथेच राहिलं. त्यावर दूधवाला पिशव्या ठेवायला लागला.

आता थोरलीच्या गुपिताकडे येऊ. तिचा उजवा कान गेला होता.

पाच वर्षांपूर्वी एका तापानंतर तो हळूहळू मिटत गेला, आणि एके दिवशी तिने फोन उजव्या कानाला लावला तर पलीकडे कुणीच नाही. डाव्याला लावला तर नणंद तावातावाने बोलत होती. थोरलीने फोन पुन्हा उजव्या कानाला लावला आणि नणंदेचं बोलणं संपेपर्यंत शांतपणे चहा प्यायली. त्या दिवशी तिला जरा हसूही आलं. पण दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जायचं होतं, आणि तिथे हसून भागणार नव्हतं.

कारण त्या धंद्यात कान गेला म्हणजे माणूसच गेला. स्टुडिओत पूर्वी एक ट्रम्पेटवाला होता, भला माणूस. त्याने एकदा प्रामाणिकपणे सांगितलं की मला हल्ली जरा कमी ऐकू येतं. अरेंजर, म्हणजे गाण्यात कुठे काय वाजवायचं ते ठरवणारा, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बघू, कळवतो." त्या स्टुडिओत "बघू, कळवतो" या शब्दांनंतर आजवर कुणालाही काहीही कळलेलं नाही. थोरलीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने तोंडाला कुलूप लावलं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

आणि लपवलं किती बेमालूम! सोफ्यावर कायम उजव्या टोकाला बसायची, म्हणजे सगळं जग डावीकडे. लोक हसले की अर्ध्या क्षणाने हसायची, लोक हळहळले की मान हलवायची. जिन्यात उजवीकडून कुणी हाक मारली तर तिला पत्ताच नसायचा, त्यामुळे इमारतीत बोभाटा झाला की थोरली फार भाव खाते. नवऱ्याचं मत मात्र उलटं. तो मित्रांना अभिमानाने सांगायचा, "आमची ही वयाप्रमाणे शांत झालीये बघा. रात्री मी कितीही कुरकुर केली तरी ब्र काढत नाही." तो पलंगाच्या उजव्या बाजूला झोपायचा, हे वेगळं सांगायला नको.

अवघड होतं ते स्टुडिओत. टाळी वाजवताना हेडफोन एकाच कानाला लावायचा, दुसरा कान उघडा ठेवायचा, म्हणजे ठोकाही ऐकू येतो आणि शेजारणीची टाळीही. थोरलीच्या डाव्या कानात ठोका, आणि उजवा कान उघडा असून बंद. धाकटी उजवीकडे उभी. तिची टाळी हिला ऐकू येणार कशी? आणि दोन टाळ्यांची एक करायची तर ठोक्यापेक्षा शेजारणीला धरावं लागतं. तेव्हा थोरलीने एक युक्ती काढली. टाळी वाजवायच्या आधी धाकटीचा डावा खांदा एकदम वर यायचा. ही तिची लहानपणापासूनची खोड असावी. थोरली त्या खांद्याकडे बघायची. खांदा वर गेला की ही हात उचलायची. पाच वर्षं ती ठोक्यावर नाही, धाकटीच्या खांद्यावर टाळी वाजवत होती. त्यामुळे केसभर उशीर व्हायचा. बाकी गाण्यांत तो वाद्यांच्या गोंगाटात खपून जायचा.

"हो म्हण"मध्ये मात्र गोंगाटच नव्हता.

गाणारी होती बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. पोस्टरवर बघितली तर वाटावं पृथ्वी हिच्याच पायाखाली फिरते. स्टुडिओत ती नुसत्या मोज्यांवर फिरत होती आणि सफरचंद खात होती. सगळे तिला मॅडम म्हणत होते. तिची आई कोपऱ्यात बसून तिला "स्वेटर घाल" म्हणत होती. तिने अरेंजरला बजावलं होतं की या गाण्यात काही भरू नका. एक ढोलाचा ठोका, माझा आवाज आणि टाळी. रिकामं ठेवा. अरेंजरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, कारण त्याने या गाण्यासाठी अकरा व्हायोलिनं ठरवली होती.

टाळ्या वाजल्या. जाड चष्म्याचा रेकॉर्डिस्ट स्क्रीनकडे बघत म्हणाला, "एक टाळी बरोबर रेघेवर आहे, दुसरी रेघेच्या मागे." स्क्रीनवर उभ्या रेघा असतात, ठोका कुठे पडायला हवा ते दाखवणाऱ्या. अरेंजर म्हणाला, "मग ओढ की पुढे." रेकॉर्डिस्टने बोट फिरवलं, मागची टाळी ओढून रेघेवर बसवली.

थोरलीने श्वास सोडला. बरं झालं, कुणी काही विचारलं नाही.

ते वाजवून दाखवलं. मॅडम सफरचंद चावत मधोमध उभी राहिली. ठोका पडत होता, टाळी पडत होती, आणि तिचे पाय जागचे हलेनात. ती म्हणाली, "आधीचं लावा." आधीचं लावलं. पहिल्याच टाळीला तिचा खांदा आपसूक वर गेला. ती हसली, पुन्हा खांदा उडवला, मोज्यांवरून घसरत भिंतीपर्यंत गेली.

"हीच ठेवा," ती म्हणाली.

"मॅडम, ही चूक आहे," अरेंजर म्हणाला.

"असू दे. माझं गाणं आहे ना?"

"लोक म्हणतील अरेंजरला ताल कळत नाही."

"म्हणू देत की. मी सांगेन, त्यांना खरंच कळत नाही."

तिची आई कोपऱ्यातून म्हणाली, "मोठ्यांशी असं बोलू नये." पण टाळी राहिली ती राहिली.

परत येताना टॅक्सीत थोरली खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या डोक्यात एकच विचार. एवढ्या रिकाम्या गाण्यात ही टाळी उघडी पडणार. कुणीतरी विचारणार, ही मागची कोण?

गाणं बाहेर आलं आणि पहिला आठवडा तिची भीती खरी ठरली. रेडिओवरचा एक निवेदक म्हणाला, "हे गाणं लागल्यावर मी माझं मशीन दोनदा ठोकून बघितलं." एका नाचाच्या क्लासच्या बाईंनी जाहीर केलं की या गाण्यावर शिकवायचं म्हणजे मुलांचे पाय बिघडवायचे. लोकांनी नाव ठेवलं, लंगडं गाणं. गाण्याच्या कंपनीत धावपळ उडाली, टाळी सरळ करून नवीन गाणं पाठवू या म्हणून. थोरलीने आतल्या आत म्हटलं, करा बाबांनो, लवकर करा. पण मॅडम हटून बसली.

मग कुठल्याशा इस्पितळातल्या एका नर्सने औषधांची गाडी ढकलता ढकलता खांदा उडवला आणि मागून टाळी दिली. तिच्या मैत्रिणीने फोनवर ते टिपलं. चेहरा गंभीर, गाडीवर बाटल्या खणखणतायत, आणि ठोक्याला खांदा, मग टाळी. ते एका फोनवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून हजारावर गेलं. चार दिवसांत सगळ्यांना उमगलं की हे गाणं लंगडत नाही, वाट बघतं. पंधरवड्यात असा माणूस शोधून सापडेना ज्याने आरशासमोर एकदा तरी खांदा उडवून बघितला नाही. नाचाच्या क्लासच्या त्याच बाईंनी "खांदा-टाळी, नवीन तुकडी" अशी पाटी लावली.

अरेंजर तर हवेतच गेला. त्याने मुलाखत दिली. "तालाला श्वास हवा, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं," वगैरे. धाकटा भाऊ लँडिंगवर उभा राहून, मशीनवर पेपर पसरून ती मोठ्याने वाचत होता.

"'हा उशीर मी सहा महिने विचार करून योजला,' असं म्हणतोय," तो म्हणाला.

"सहा महिने?" थोरला भाऊ म्हणाला. "आमच्या ऑफिसात याच्यापेक्षा जास्त उशीर रोज होतो. कुणी मुलाखत घेत नाही."

दोघे हसले. आतून धाकटीही हसली. थोरली अर्ध्या क्षणाने हसली, पण या वेळी तिला सगळं नीट ऐकू आलं होतं. पेपरात पुढे असंही होतं की कुणा जाणकाराने मोजून बघितलं, हा उशीर पहिल्या टाळीपासून शेवटच्यापर्यंत सारखाच आहे, आणि माणसाला हे कसं जमलं याचं त्याला कोडं पडलंय. दुसऱ्यांना कौतुक वाटत होतं, हिला चौकशी वाटत होती.

धाकटीचं उलट. बावीस वर्षांत तिला पहिल्यांदा कुणीतरी ओळखायला लागलं होतं. बँकेतल्या कॅशियरने तिला स्लिपवर सही करायला लावली आणि म्हणाला, "ही पैसे काढायची नाही, माझ्यासाठी." पिठाच्या दुकानातल्या बाईने तिला टाळी वाजवून दाखवायला लावली आणि दुकानभर पीठ उडालं. धाकटी गुणगुणत जिना चढायला लागली. आणि एके दिवशी स्टुडिओतून निरोप आला की मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे, मॅडमला वाटतं टाळीवाल्या दोघी खऱ्याखुऱ्या स्टेजवर असाव्यात. निरोप आला त्या संध्याकाळी धाकटी नवे बूट घेऊन आली. काळे, चकचकीत, टाचेला छोटीशी बक्कल. दाराबाहेर ठेवले, आत नेले, पुन्हा बाहेर ठेवले, सगळ्यांना दिसावेत म्हणून. थोरलीने आपल्या दाराच्या फटीतून ते पाहिले आणि तिला रडावंसं वाटलं. तिने निम्मा निश्चय केला होता की ताप आलाय म्हणून सांगू. आता ते कसं सांगायचं?

तालीम कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी होती. सभागृह रिकामं, खुर्च्यांवर कापडं टाकलेली. डान्समास्टर म्हणजे चारही दिशांना एकदम बघणारा माणूस. त्याने मॅडमला मध्ये उभं केलं, तिच्या मागे बारा नाचणारे, एका टोकाला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी. "असं चित्र छान दिसतं," तो म्हणाला. थोरलीने मान वळवली. मधे बारा माणसं. धाकटीचा खांदा काही दिसेना.

ठोका सुरू झाला. एवढे मोठे स्पीकर, आणि प्रत्येक ठोका समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होता. दोन कानांच्या माणसाला खरा कुठला आणि परतलेला कुठला हे न सांगता कळतं. एका कानाला दोन्ही सारखेच. थोरलीने एकाला टाळी दिली, ती आधी पडली. दुसऱ्याला दिली, ती फारच मागे. तिसरी नाचणाऱ्यांच्या उडीच्या मधेच पडली आणि एक जण दचकून दुसऱ्यावर आदळला.

"थांबा, थांबा!" डान्समास्टर म्हणाला. "मावशी, रेकॉर्डवर इतकी सुंदर वाजवता, आज काय झालं?"

"पुन्हा करू," थोरली म्हणाली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. अरेंजर पहिल्या रांगेत बसून कपाळ चोळत होता. थोरलीचे तळवे घामाने ओले झाले आणि टाळी फुसकी वाजायला लागली.

डान्समास्टर पुढे आला. मनाने वाईट नव्हता तो. हळू आवाजात म्हणाला, "मावशी, टेन्शन घेऊ नका. टाळी आम्ही रेकॉर्डवरची लावतो. तुम्ही दोघी नुसते हात हलवा. लोकांना काही कळत नाही."

थोरलीच्या अंगातली सगळी भीती एकदम निथळली. नुसते हात हलवायचे! ना ठोका ऐकायचा, ना भिंत. गुपित सुखरूप, काम सुखरूप, धाकटीचे बूटही स्टेजवर. ती "चालेल" म्हणणार, एवढ्यात पलीकडच्या टोकाहून धाकटीचा आवाज आला.

"मला नाही चालणार."

सगळे वळले. धाकटी खाली बसून बुटाची बक्कल काढत होती.

"बावीस वर्षं आम्ही वाजवलंय," ती म्हणाली. "तेव्हा कुणी बघत नव्हतं. आता बघायला लोक येणार तर खोटं वाजवायचं? त्यापेक्षा मी घरी जाते. त्यांना सांगा," आणि तिने हनुवटीने थोरलीकडे खूण केली, "त्यांना एकटीला उभं राहायचं तर राहू दे म्हणावं."

एक बूट निघाला. दुसऱ्याची बक्कल घट्ट होती.

थोरली स्टेजच्या टोकाला उभी. आत्ता गप्प राहिलं तर काहीच बिघडणार नव्हतं. धाकटी घरी जाईल, लोक म्हणतील फारच ताठ बाई, आणि आपलं पुढच्या फोनपर्यंत निभावेल. पुढचा फोन आला की पुन्हा तोच खांदा, पुन्हा तीच टॅक्सी. धाकटी दुसऱ्या बक्कलशी झटापट करत होती आणि तिचे कान लाल झाले होते. थोरलीला दिसलं की ती रडू दाबते आहे.

"मला उजव्या कानाने ऐकू येत नाही," थोरली म्हणाली.

जरा मोठ्यानेच म्हणाली, कारण आवाज किती मोठा होतोय याचा अंदाज तिला हल्ली राहिलेला नव्हता. रिकाम्या सभागृहात ते वाक्य भिंतीवर आपटून परत आलं.

"पाच वर्षं झाली. ठोका मला धड कळत नाही. मी हिचा खांदा बघून वाजवते. हिचा खांदा वर गेला की मी. म्हणून मागे पडते. इथून तिचा खांदा दिसत नाही. शेजारी उभं केलंत तर वाजवीन, नाहीतर मला जमायचं नाही."

स्पीकरपाशी बसलेल्या रेकॉर्डिस्टने चष्मा काढून पुसला आणि हलकेच म्हणाला, "म्हणून उशीर दर वेळी सारखाच होता." अरेंजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सहा महिने विचार करून योजलेला श्वास तो, आणि निघाला एका जावेचा खांदा. मॅडम स्टेजवर पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, "मग शेजारीच उभ्या राहा ना. त्यात काय?" तिला खरोखरच त्यात काही वाटलं नव्हतं. तेवीस वर्षांची होती ती.

डान्समास्टरने मनातल्या मनात चित्र मोडलं आणि नवीन मांडायला नाचणाऱ्यांना घेऊन मागे गेला. अरेंजर उठून थोरलीपाशी आला. तिच्या पाठीवर हात ठेवला. "उद्याचं होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "पुढचं... बघू. कळवतो."

थोरलीने मान हलवली. पाच वर्षं ज्या दोन शब्दांना भीत होती ते येऊन गेले, आणि ती अजून उभीच होती.

धाकटी मात्र हललेली नव्हती. एका पायात बूट, दुसरा हातात. ती थोरलीकडे टक लावून बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, हिशेब जुळत नसल्यासारखं काहीतरी होतं. मग ती तशीच, एक पाय उंच एक पाय बुटका, स्टेजवरून चालत आली.

"ताई," ती म्हणाली. तीन वर्षांनंतरचा पहिला शब्द. "टॅक्सीत मी तुमच्या कुठल्या बाजूला बसते?"

"उजव्या. स्टुडिओत उभं राहायचं तसंच."

"कायम?"

"कायम. का गं?"

धाकटी खालीच बसली. स्टेजवर, फळ्यांवर. थोरलीही गुडघे धरून तिच्या शेजारी बसली, आणि बसताना टॅक्सीतल्या सवयीने धाकटी उजवीकडे येईल अशी बसली. धाकटीने तिचा दंड धरून तिला उठवलं, स्वतः पलीकडे सरकली, आणि डावीकडे जाऊन बसली.

"तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला टॅक्सीत एक सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. "ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू. माझ्या छातीत गाठ लागली होती. उद्या तपासायला बोलावलंय, घरी कुणाला सांगितलं नाही, मला फार भीती वाटते, तुम्ही याल का माझ्याबरोबर, असं विचारलं होतं. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत राहिलात. तोंडसुद्धा वळवलं नाहीत."

तीन वर्षं थोरली शिवणाच्या मशीनला दोष देत होती.

"मग मी एकटी गेले," धाकटी म्हणाली. "तिथे बसायला बाकडं होतं. सगळ्या बायकांबरोबर कुणी ना कुणी होतं. मी मनात म्हटलं, ही बाई मेली तरी हिच्याशी बोलायचं नाही."

"आणि... तपासणीत काय निघालं?"

"काही नाही. साधी गाठ. काढून टाकली."

"काढून टाकली? म्हणजे ऑपरेशन? आणि मला समोरच्या दारात पत्ता नाही?"

"माहेरी गेले म्हणून सांगितलं होतं. तुमच्याच नवऱ्याने स्टॉपवर सोडलं मला."

थोरलीने डोळे मिटले. आठवलं तिला. चार दिवस समोर धाकटी दिसली नव्हती आणि तिने मनात म्हटलं होतं, बरी शांतता आहे.

"अगं, मला सांगायचं ना परत!"

"एकदा विचारून बघितलं होतं की. पुन्हा कोण विचारतं?" धाकटीने नाक ओढलं. "आणि तुम्ही? कान गेला तर सांगायला तुम्हाला काय झालं होतं? आम्ही काय तुम्हाला घराबाहेर काढणार होतो? तुम्ही माझ्या खांद्याकडे टक लावून बघायचात तेव्हा मला वाटायचं, हिला माझ्या तोंडाकडे बघवत नाही म्हणून बघते."

थोरलीला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी रडूही, त्यामुळे तिसराच काहीतरी आवाज निघाला. धाकटी म्हणाली, "हसू नका. मला आता नीट रागही येईना. तीन वर्षांचा राग आहे, तो कुठे ठेवू?"

"ठेव थोडा," थोरली म्हणाली. "सगळाच टाकू नकोस. माझंही चुकलंच आहे."

मागून डान्समास्टरने टाळ्या वाजवल्या. "चला, सगळ्यांनी जागा घ्या! मावशी, तुम्ही दोघी मध्ये, मॅडमच्या मागे!"

धाकटी बूट घालायला लागली. थोरलीने तिच्या हातावर हात ठेवला.

"आले, आले," ती वळून डान्समास्टरला ओरडली, "दोन मिनिटं थांबा!" मग धाकटीकडे सरकून, डावा कान तिच्या तोंडाजवळ नेऊन म्हणाली, "त्या बाकड्यावर बसलीस इथपर्यंत सांगितलंस. मग आत कधी बोलावलं? पहिल्यापासून सांग."

डान्समास्टरने घड्याळ पाहिलं. मॅडमने त्याला हाताने गप्प केलं आणि सफरचंद काढलं. बारा नाचणारे जिथल्या तिथे बसले. धाकटी सांगत होती, आणि थोरली मधे एकदाही मान न हलवता ऐकत होती.